शब्दचर्चा : रे चार्ल्स आणि 'सोल', 'फ्यूजन', 'गीतकार'

प्रश्न :
अमेरिकन गायक-गीतकार रे चार्ल्स (१९३०-२००४) याच्यावर मराठीत लेख लिहितेय. दोन ठिकाणी अडलंय. 'सोल' या गानप्रकाराला (चर्चच्या ढंगात गायलेली कृष्णवर्णीय अमेरिकनांची लौकिक गाणी) 'आत्मसंगीत' म्हणावं का? आणि गॉस्पेल (चर्चची भक्तिगीतं), ब्लूज, जॅझ, कंट्री (ग्रामीण गोऱ्या अमेरिकेची गाणी) असं सगळं त्याच्या गाण्यात येतं, त्याला 'फ्यूजन' म्हटलं तर चालेल?

प्रतिसाद :
'आत्मसंगीत' वाचलं की ध्यानधारणेची कॅसेट आठवते. 'भावसंगीत' कसं वाटतं?

प्रतिसाद :
माझ्या मते दोन्ही नकोत. 'भाव' म्हटलं की आपल्याला भावगीत ऐकू येतं, आणि रे चार्ल्सचा आवाज त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे : खरखरीत, मध्येच चिरकणारा, हुंकार भरणारा. सरळ 'सोल संगीत' लिहा. पहिल्या उल्लेखात नुसतं 'सोल' ठेवू नका, वाचक बुटाचा सोल समजेल. एकदा 'संगीत' जोडलं की पुढे सुटा शब्द चालतो.

भाषांतर टाळायला याहून मोठं कारण आहे. 'सोल' हा शब्द वादकांच्या तोंडी होताच. रे चार्ल्स आणि जॅझ वादक मिल्ट जॅक्सन यांच्या १९५८च्या जॅझ रेकॉर्डचं नाव 'सोल ब्रदर्स' आहे. पण गाण्याच्या प्रकारावर पाटी म्हणून तो बाजाराने लावला. 'बिलबोर्ड' साप्ताहिक कृष्णवर्णीयांमध्ये खपणाऱ्या रेकॉर्डची यादी 'रेस रेकॉर्ड्स' ('रेस' म्हणजे वंश) या नावाने छापायचं. १९४९ मध्ये तिचं 'रिदम अँड ब्लूज' झालं. हे नाव सुचवणारा जेरी वेक्सलर तेव्हा तिथे पत्रकार होता, आणि पुढे अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीत रे चार्ल्सच्या रेकॉर्डिंगला तोच बसायचा. १९६९ मध्ये त्याच यादीचं 'सोल' झालं, १९८२ मध्ये 'ब्लॅक'. 'आत्मसंगीत' केलंत की हा सगळा इतिहास एका झटक्यात पुसला जातो.

'फ्यूजन' तर मुळीच नको. त्या शब्दाने दोन परंपरांचे दोन कलाकार एका मंचावर बसलेले दिसतात. रे चार्ल्सच्या बाबतीत या परंपरा वेगळ्या कधी नव्हत्याच. फ्लोरिडातल्या ग्रीनव्हिल या छोट्या गावात तो वाढला. चर्चमधलं गाणं कानावर होतं, वायली पिटमनच्या हॉटेलात पियानोवर बूगी-वूगी (नाचाच्या ठेक्यातला ब्लूज) ऐकायची, आणि शनिवारी रात्री रेडिओवर 'ग्रँड ओल ऑप्री'चा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम. सातव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्ण गेली. सेंट ऑगस्टिनच्या अंध-मूकबधिर शाळेत तो ब्रेलमधून संगीत वाचायला शिकला. तरुणपणी टॅम्पाला गोऱ्या वादकांच्या कंट्री बँडमध्येही त्याने पियानो वाजवला. सुरुवातीच्या रेकॉर्ड मात्र गायक नॅट किंग कोलच्या आवाजाची हुबेहूब नक्कल आहेत.

म्हणून लेखात 'मिश्रण' हा एकच शब्द सगळीकडे पसरू नका. त्याने दोन अगदी वेगळ्या गोष्टी केल्या आणि दोन्हींना मराठीत नेमके शब्द आहेत.

पहिली म्हणजे चाल उचलणं. १९५४ मध्ये गाडीतल्या रेडिओवर त्याने 'सदर्न टोन्स'चं 'इट मस्ट बी जीझस' हे गॉस्पेल गाणं ऐकलं. त्या चालीवर त्याने आणि त्याच्या बँडमधल्या रेनल्ड रिचर्डने बाईवरचं गाणं बांधलं, 'आय गॉट अ वुमन'. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याची पहिली ओळ छापलेली असते, तोच हा शब्द. शब्द बदलले, चाल राहिली आणि चर्चचा बाजही राहिला. खळबळ झाली ती या बाजामुळे. ब्लूज गाणाऱ्या बिग बिल ब्रून्झीलासुद्धा ते पटलं नाही. याने चर्चमध्ये गावं, असं त्याचं म्हणणं होतं.

दुसरी गोष्ट १९६२ची, 'मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक' हा अल्बम. इथे शब्द दुसऱ्याचे, चालही दुसऱ्याची, बदलली ती गायकी. कंट्री गायक डॉन गिब्सनचं 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' ऐका. कंट्रीची खूण असलेली स्टील गिटार कुठेच नाही. पहिली ओळ कोरस गुळगुळीत आवाजात म्हणतो आणि रे चार्ल्स जरा मागे राहून, फाटक्या आवाजात पुढची ओळ पुरी करतो. अख्ख्या गाण्याचं दुःख त्या दोन आवाजांच्या अंतरात आहे. लेखात हा क्षण नक्की घ्या. गाणं पाच आठवडे देशात पहिल्या क्रमांकावर होतं, पण कंट्रीच्या यादीत त्याला जागा नव्हती. कंट्रीच्या 'हॉल ऑफ फेम'साठी त्याची निवड झाली २०२१ मध्ये, मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. मला याचा अजूनही राग येतो.

मूळ प्रश्नकर्ती :
'बाज' आणि 'गायकी' घेतले. आता 'रेलेट्स' या त्याच्या गायिकांचं काय करू? 'पार्श्वगायिका' लिहिलं होतं. 'व्हॉटड आय से'मध्ये त्याचं आणि त्यांचं जे चालतं त्याला 'सवाल-जवाब' म्हणता येईल?

प्रतिसाद :
'पार्श्वगायिका' म्हणजे आपल्याकडे सिनेमात नटीसाठी गाणारी. 'साथीच्या गायिका' लिहा. 'व्हॉटड आय से' डिसेंबर १९५८ मध्ये कार्यक्रमात वेळ उरला म्हणून जागेवर रचलं गेलं. मी म्हणेन तेच मागून म्हणा, एवढीच सूचना त्यांना होती. तो हुंकार देतो, त्या तोच परत देतात. हा सवाल-जवाब नव्हे, ही झील. 'झील धरणं' हे क्रियापद पोवाडा ऐकलेल्या कुणालाही कळेल. सवाल-जवाब हवा असेल तर 'हिट द रोड जॅक' (१९६१) आहे. त्यात रेलेट्सपैकी मार्जी हेंड्रिक्स त्याला सरळ घराबाहेर काढते.

आणि 'गायक-गीतकार'सुद्धा बदला. मराठीत गीतकार फक्त शब्द लिहितो. 'व्हॉटड आय से'बद्दल लिहिताना 'शब्द आणि चाल' म्हणा. देशाच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेली त्याची तिन्ही गाणी मात्र इतरांनी रचलेली आहेत : 'जॉर्जिया ऑन माय माइंड' होगी कारमायकल आणि स्टुअर्ट गॉरेलचं, 'हिट द रोड जॅक' पर्सी मेफील्डचं, तिसरं गिब्सनचं. तिथे त्याला नुसतं 'गायक' म्हणा.