टर्कीचं सारण पोटात भरू की वेगळ्या ट्रेमध्ये?

जर्सीतली_सून:
यंदा थँक्सगिव्हिंग आमच्या घरी आहे. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या दोन अमेरिकन फॅमिली आणि आमची नेहमीची गँग धरून १२ डोकी. १४ पाउंडची फ्रोझन टर्की आणून ठेवलीये आणि मी आजवर अख्खी कोंबडीसुद्धा भाजलेली नाही. स्टफिंग, म्हणजे तो ब्रेड, कांदा, सेलरी, बटर, सेजचा प्रकार, मला वाटलेलं की भरल्या वांग्यासारखं सारण ठासायचं आणि विषय संपला, पण समोरच्या आजी म्हणतात आत भरू नकोस, लोकांची पोटं बिघडतील, आणि एक मैत्रीण म्हणते आत नाही भरलं तर त्याला स्टफिंग म्हणायचं कशाला! त्यात सासूबाई आल्यात, त्या गुरुवारी खात नाहीत आणि हा सण मेला दरवर्षी गुरुवारीच येतो. काय करू?

खवय्या७७:
आत भरू नका. वांग्याचं गणित इथे चालत नाही हो. टर्कीचा कच्चा रस त्या ब्रेडमध्ये मुरतो, ब्रेड म्हणजे स्पंजच, आणि पोटाच्या मधोमध आच सगळ्यात शेवटी पोचते. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची भीती असते म्हणून सारणाच्या मध्यभागी १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस, यायलाच लागतं. मांस शिजलं तरी सारण मागेच असतं, मग आपण अजून ठेवतो, अजून ठेवतो, आणि तोवर छातीच्या मांसाचा भुसा होतो. माझ्या पहिल्या टर्कीचं हेच झालं, पाहुणे ग्रेव्ही ओतून ओतून खात होते आणि वर छान छान म्हणत होते, दुसऱ्या दिवशी उरलेल्याचं मालवणी मसाला घालून सुकं केलं तेव्हा कुठे घशाखाली उतरलं. पसरट ट्रेमध्ये करा, वरचा थर मस्त कुरकुरीत होतो, आतल्याला ती मजा कधीच नाही.

शिकागोकर:
मी गेली १५ वर्षं आतच भरतोय, कोणी आजारी पडलं नाही. पण पथ्यं पाळावी लागतात. आदल्या रात्री भरून ठेवायचं नाही, ओव्हनमध्ये सारायच्या आधी भरायचं. सारण कोरडं नको, ओलसर हवं, आणि ठासायचं तर अजिबात नाही, पाउंडामागे पाऊण कप बास, ते फुगतं. ओव्हन ३२५ फॅरनहाइटच्या खाली नको. १४ पाउंडाला रिकामी असेल तर तीन-पावणेचार तास, भरली की साडेतीन ते चार धरा. थर्मामीटर मांडीत खुपसायचा आणि सारणातही, टर्कीत आधीच टोचलेलं येतं ते, शिजली की वर उडणारं बटण बघून काही ठरवू नका. चव मात्र आतल्याचीच, यावर वाद नाही!

पण पहिलीच वेळ आणि १२ पाहुणे... तुमच्या जागी मी बाहेरच केलं असतं.

अटलांटाची_ताई:
आमच्या इकडे साउथमध्ये त्याला स्टफिंग म्हणतच नाहीत, ड्रेसिंग म्हणतात, कॉर्नब्रेडचं करतात आणि ट्रेमध्येच करतात, त्यामुळे मैत्रिणीला सांगा नावाचा प्रश्न मिटला. चवीसाठी एक करा, पोटात कागदी पिशवीत मान आणि काळीज वगैरे असतं ते आधी बाहेर काढा (मी एकदा पिशवीसकट भाजलीये, हसू नका), मान कांदा-सेलरीबरोबर दोनेक तास उकळा आणि तो स्टॉक ब्रेडवर घाला. आतल्या चवीच्या बरीच जवळ जाते.

सासूबाईंसाठी छोटा ट्रे वेगळा, भाज्यांचा स्टॉक आणि मशरूम घालून, पण तो टर्कीच्या आधी भाजून घ्या, चमचाही वेगळा. आणि मार्गशीर्ष लागतोय का ते कॅलेंडरमध्ये बघा बाई! २०२५ ला २७ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार एकत्र आले, हॉलमध्ये घट मांडलेला आणि ओव्हनमध्ये टर्की, आई काही बोलली नाही पण दर दहा मिनिटांनी नुसती उदबत्ती लावत होती. शेवटी अर्धी भाजलेली टर्की तशीच उचलून शेजाऱ्यांच्या ओव्हनमध्ये नेली.

खवय्या७७:
ताई 😂 बरं, मूळ मुद्दा राहिलाच. फ्रीझरमधून खाली काढलीत का? फ्रीजमध्ये दर ४-५ पाउंडाला एक अख्खा दिवस लागतो, म्हणजे तुमच्या टर्कीला तीन-चार दिवस. पोटात बर्फ राहिला तर आत भरा नाहीतर बाहेर, सगळंच वेळापत्रक कोलमडेल. आज रविवार आहे.

जर्सीतली_सून:
अगं बाई, फ्रीझरमध्येच आहे! काढली. खाली ट्रे ठेवलाय, पाणी सुटेल म्हणून. ठरलं, बाहेरच करते, दोन ट्रे. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या मशरूम नको, त्यापेक्षा बटाटे घाल.