अनुभव धागा: शेंगा, पानं, काड्या यांची घरगुती सजावट – नेमकं कसं करता?

सिव्हिल_लाइन्सची_सावली
आज येताना शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळल्या अन् ओसरीवरचं जुनं शेंगांचं झुंबर आठवलं. उन्हाळा लागला, झाडाखाली सडा पडून राहिला आहे. कोण काय बनवतं, कसं टिकवतं, मापासकट लिहा.
शिरीषाची शेंग फिकट पिवळी, कागदासारखी वाजणारीच घ्या. हिरवट घेतली की आठ दिवसांत पिळून जाते. ८ इंची बांबूच्या कडीला २५-३० शेंगा पुरतात. दाभणानं शेंग उभी चिरते. जाड सुई तापवून देठापासून १ सेंमीवर भोक पाडा. दोरा सुतीच घ्या, नायलॉनची गाठ सुटते.

महालवाली
शेंगांना बारीक भोकं पडून खाली पीठ सांडतं, काहून?

सिव्हिल_लाइन्सची_सावली
बियांतले भुंगे, ताई. पिशवीत घट्ट बांधून ४ दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, तासभर तशीच राहू द्या. नाहीतर शेंगेवर पाणी सुटतं अन् डाग पडतात.

काटोल_रोड
संत्र्याच्या चकत्यांबद्दल सांगतो. आपलं नागपुरी संत्रं चकतीला चालत नाही. साल सैल, मधे पोकळ. वाळताना फोडी सालीतून सुटतात. चकतीला मोसंबी घ्या. ५ मिमी जाडी, त्याहून पातळ काचेसारखी तडकते, जाड आतून ओली राहते. फडक्यानं रस टिपून तारेच्या जाळीवर, वरून मलमल. एप्रिलच्या उन्हात ३-४ दिवस, रात्री घरात. ओव्हन असेल तर १०० अंशांवर ३-४ तास, दर अर्ध्या तासानं पलटा. आच वाढवली की साखर करपून चकती काळी पडते. मधोमध दाबून चिकट लागली तर वाळली नाही, मुंग्या लागणारच.
संत्र्याची साल मात्र उत्तम. ओली असतानाच पेढ्याच्या डबीच्या झाकणानं गोल कापा अन् भोक तेव्हाच पाडा. वाळल्यावर पाडलं की तुकडे.

धरमपेठ_गच्ची
उरलेली साल वाळवून उटण्यात घाला, फेकू नका बापा!

महालवाली
उटण्यात मी आवळकाठी अन् नागरमोथापण टाकते. प्रमाण वेगळं लिहीन, आता कुकर लागला आहे.

सक्करदरा_आजी
आंब्याचं तोरण. ३ फुटी दाराला २१ पानं, ५ फूट सुतळी म्हणजे दोन्हीकडे फूटभर मोकळी राहते. कोवळं तांबूस पान दुपारपर्यंत लोंबतं. मध्यम, गडद हिरवं घ्या. आदल्या संध्याकाळी डहाळी तोडून बुडखा रात्रभर पाण्यात. चीक निथळू द्या, हाताला लागला तर खाजतो. देठाकडचं ३ सेंमी पान सुतळीवरून मागं दुमडून बाभळीच्या काट्यानं टोचा. स्टेपलरची पिन गंजते, रंगावर डाग राहतो.
झेंडू बर्डीच्या फूलबाजारातून, सकाळीच. सुई मधून घातली तर पाकळ्या उघडून गळतात, हिरव्या बोंडातून आडवी घाला. टिकावं म्हणून पाणी मारू नका, आतून सडतं.

धरमपेठ_गच्ची
आजी, पोळ्याला पळसाचे मेढे (फांद्या) दारात लावता का अजून? दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या पाडव्याला ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत नेऊन टाकतात ते?

सक्करदरा_आजी
लावतो तर. तान्ह्या पोळ्याला पोट्टे लाकडी बैल घेऊन येतात, त्यांच्या बैलालाही छोटं तोरण बांधतो. आंब्याची ५ पानं, त्यात गोंडा.

कळमेश्वरकर
पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) फांद्या फ्लॉवरपॉटमध्ये छान दिसतात. २ फुटी तोडा, ६-७ फुटलेली बोंडं असलेली. पण आधी बोंड उघडून बघा. दोन सरक्या एकमेकींना चिकटून जोडबी दिसली तर आत गुलाबी बोंडअळी आहे, ती फांदी जाळून टाका. बाकी फांद्या काळ्या पिशवीत बांधून दिवसभर कडक उन्हात. शेताजवळ घर असेल तर ढीग लावूच नका, अळी पुढच्या पिकावर येते. भांड्यात तळाला वाळू भरा, फांदी वरून जड असते. अन् दिव्यापासून दूर, कापूस आहे.

मानेवाडा_२ऱ्या_मजल्यावरून
पिंपळपानाची जाळी करता येते का? माझी फाटून राहिली.

काटोल_रोड
कोवळं पान घेत असाल, त्याच्या शिरा कच्च्या असतात. जून, पिवळं न पडलेलं घ्या. १ लिटर पाण्यात २ मोठे चमचे धुण्याचा सोडा, १० पानं, मंद आचेवर ४०-६० मिनिटं. भांडं स्टीलचंच, ॲल्युमिनियम सोड्यानं खाल्लं जातं, काळं पडतं. हातमोजे घाला. मग पान ताटलीत पाण्यात पसरून मऊ टूथब्रशनं मधल्या शिरेपासून कडेकडे हलकं टिपा, घासू नका. गर सुटत नसेल तर परत १५ मिनिटं उकळा, जोर लावू नका. टीपकागदात दाबून वाळवा.

मानेवाडा_२ऱ्या_मजल्यावरून
मी घासतच होते! आज परत लावते.

महालवाली
पावसाळ्यात हे सगळं कुठं ठेवता?

सिव्हिल_लाइन्सची_सावली
मृगाआधी उतरवून, एकदा ऊन दाखवून पत्र्याच्या डब्यात. तळाला कडुनिंबाची वाळकी पानं, वर वर्तमानपत्र. मोसंबीच्या चकत्या वेगळ्या डब्यात, शेंगांसोबत नको. त्यांचा ओलावा शेंगांना बुरशी लावतो.