सुगडं, बोळकी, किल्ल्यावरची चित्रं: तुमच्या आठवणी लिहा

माळा आवरताना बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली आजीची पाच बोळकी. तांबडी, मुठीत मावतील एवढी. एकाच्या काठावर कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा तसाच आहे. लक्ष्मीपूजनाला आजी यात लाह्या-बत्तासे भरायची, पूजा झाली की एक बोळकं माझं. ठशावर अंगठा ठेवून बघितला आणि बसूनच राहिले. तुमच्याकडे सणाला मातीचं काय काय यायचं?

मिरजकर_माई
बेंदराचे, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याचे, बैल!! कुंभारमामा जोडी घेऊन दारात यायचे, आई सुपातनं जोंधळे घालायची. पैशाचं नावच नाही. एकदा माझ्या हातनं शिंग मोडलं, मी घर डोक्यावर घेतलं. आजोबांनी कणकेनं चिकटवून वर हिंगूळ लावून दिला. ओळखू येत नव्हतं.

तापीकाठ
आमची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पित्रांची घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर डांगर (खरबूज), सांजोऱ्या आणि आंबे. सांजोऱ्यांचं नाव काढलं आणि भूक लागली. कुणी खव्याच्या करतं का?

मिरजकर_माई
@तापीकाठ रव्याच्याच चांगल्या. खव्याच्या टिकत नाहीत.

चाकावरची
माझं माहेर कुंभाराचं, म्हणून जरा लांबवते. संक्रांतीआधी महिनाभर घरात पाय ठेवायला जागा नसायची. बाबा चाकावर मातीचा एकच मोठा गोळा बसवायचे. वरच्या टोकाला सुगड घडवायचं, बुडाशी दोरा फिरवून उचलायचं, लगेच त्याच गोळ्यावर दुसरं. बघणाऱ्याला सोपं वाटतं. पण लहान भांड्याला बोट जरा जड पडलं की काठ बसलाच. सुकवायची सावलीत, उन्हात ठेवली की तडकतात. मी आणि भाऊ शाळेतून आलो की फळ्या आत-बाहेर करायचो. आव्यात, म्हणजे भट्टीत, मोठ्या मडक्यांच्या फटींत सुगडं लावायची. काळी हवी असतील तर आवा वरून बुजवायचा, आत धूर कोंडतो. तो रंग धुराचा असतो, लोक विचारतात ऑइल पेंट आहे का! एवढंसंच तर आहे म्हणून भाव पाडायचे तेव्हा बाबा गप्प बसायचे. मला अजून लागतं ते.

सदाशिव
ताई, वाचून गलबलून आलं. यंदा पाच सुगडं घेताना भाव करणार नाही.

चाकावरची
🙏 सुगडाला टिचकी मारून बघा. खणखणीत वाजलं तर नीट भाजलंय.

जर्सीची_सून
इथे सुगडं कुठली मिळायला. लेकीच्या हस्तकलेच्या मातीची केली, नुसती वाळवली. ओलं गाजर, बोरं, उसाचे करवे भरले आणि संध्याकाळपर्यंत बुडं मऊ! दुसऱ्या वर्षी आत केळीच्या पानाचा तुकडा घातला, मग टिकली. सूत मी गुंडाळलं, हळदीकुंकवाची बोटं लेकीने ओढली. ओला हरभरा फ्रोजन घेतला, चालतो ना?

मिरजकर_माई
चालतो गं. मनानं केलंस ना.

वऱ्हाडी_लेक
भुलाबाई कुणालाच आठवत नाही का?? भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकर, मातीचे, महिनाभर रोज गाणी, मग खिरापत ओळखायची. आमची आई डब्यात काय ठेवायची ते बापजन्मी ओळखू यायचं नाही. बाकी कुकर लागलाय, नंतर लिहिते.

सदाशिव
आम्ही मंडईतून दिवाळीच्या किल्ल्याची चित्रं, म्हणजे मातीच्या छोट्या मूर्ती, आणायचो. महाराज, तोफ, मावळे, गवळण, भाजीवाली. २०१९ च्या दिवाळीत पाऊस आला, कच्च्या मातीचे चार मावळे रात्रीत चिखल झाले. पोरगा हमसून रडला. त्याच मातीतून आम्ही दोघांनी नवीन मावळे वळले, वेडेवाकडे. ते आता दरवर्षी दरवाजापाशीच उभे असतात. बरं, किल्ल्यावर पेरायला मोहरी चांगली की हळीव?

चाकावरची
हळीव. भिजलं की चिकट होतं, उतारावरून घसरत नाही. आणि मावळे उगवल्यावरच मांडा, रोज पाणी मारताना भिजतात.