मदत हवी आहे : रोज जवळ बाळगण्यासाठी रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

नागपूरच्या इतवारीतील सराफा दुकानातून रात्री रोकड घेऊन घरी परतावे लागत असल्याने मी रीतसर शस्त्र परवाना घेतला असून, ९ मिमी बोअर (नळीचा आतील व्यास) सर्वसामान्य परवान्यावर मिळत नसल्यामुळे .३२ बोअरमध्येच निवड करायची आहे. ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर हलके, साधे आणि मला अधिक भरवशाचे वाटते. ‘अशनी’ पिस्तूल मात्र चपटे असल्याने पातळ सुती सदऱ्याखाली कमी उठून दिसेल. नागपूरच्या उन्हाळ्यात घामाने गंज चढण्याची मला खरी काळजी आहे. घरात लहान मुले आहेत, त्यामुळे सुरक्षिततेबाबत तडजोड नको. ज्यांनी यांपैकी एखादे हत्यार रोज कमरेला बाळगले आहे, त्यांनी होल्स्टर (हत्यार ठेवायचे म्यान), सफाई आणि सरावाबद्दलचा अनुभव कृपया सविस्तर सांगावा.