मदत हवी आहे : दोन आर्ग्युमेंटचा फंक्शन ऑब्जेक्ट, सी प्लस प्लस 17
भाऊ, दारव्ह्याकडच्या एका जिनिंगसाठी कापसाच्या गाड्या तपासायचा प्रोग्राम लिहून राहिलो. गाडी आणि ओलाव्याची मर्यादा असे दोन आर्ग्युमेंट घेऊन हो-नाही सांगणारा फंक्शन ऑब्जेक्ट (फंक्शनसारखा बोलावता येणारा ऑब्जेक्ट) आहे. तो स्टँडर्ड लायब्ररीतल्या ‘बायनरी फंक्शन’ या तयार क्लासचा वारस होता, आणि दुसरं आर्ग्युमेंट आधीच ठरवून ठेवणाऱ्या ‘बाइंड सेकंड’ने मर्यादा 8 टक्के बांधून ठेवली होती. सी प्लस प्लस 17, म्हणजे भाषेची 2017 ची आवृत्ती लावली अन् दोन्ही गायब! 2011 मध्येच ते कालबाह्य ठरवले होते म्हणे.

बांधायचं काम लॅम्डाने (जागेवरच लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) निभावलं. अडलं ते पुढं. माझ्या टेम्प्लेटला (वेगवेगळ्या टाइपसाठी चालणारा कोडचा साचा) दुसऱ्या आर्ग्युमेंटचा टाइप लागतो. तो आधी ‘बायनरी फंक्शन’च्या ‘सेकंड आर्ग्युमेंट टाइप’मधून मिळायचा, लॅम्डात तो नाहीच. मग तो कसा काढू? का मर्यादेचा टाइप वेगळा टेम्प्लेट पॅरामीटर म्हणून घेऊ? सोमवारपासून गाड्या लागतात, कोणी नक्की सांगा.