भाज्यांभोवती मांसाचा पदर: निकुमाकी करताना आलेले अनुभव

कावासाकीहून, धाग्याची सुरुवात

फरसबी, गाजर, ॲस्परॅगस किंवा एनोकी अळिंबीची जुडी मांसाच्या पातळ कापात गुंडाळून तव्यावर भाजायची आणि वरून शोयू (सोया सॉस) आणि मिरिन (स्वयंपाकात वापरायची गोडसर तांदळाची दारू) यांचा चकचकीत लेप चढवायचा, या जपानी घरगुती प्रकाराला निकुमाकी म्हणतात. निकु म्हणजे मांस, माकी म्हणजे गुंडाळी. जेवणाआधी पाहुण्यांपुढे ठेवण्यासाठी आणि मुलांच्या बेंतोसाठी, म्हणजे जेवणाच्या डब्यासाठी, मी तो गेली आठ वर्षे करत आले आहे, आणि माझे ठाम मत असे झाले आहे की या पदार्थाचे यश सॉसपेक्षा गुंडाळीच्या जोडावर अधिक अवलंबून असते. जोड सुटला की मांसाचा रस तव्यावर वाहून जातो, भाजी उघडी पडून करपते आणि लेप कशालाच धरत नाही. सुरुवातीला मी गुंडाळ्या तव्यावर ठेवताच हलवत असे. शेजारच्या आजींनी ते पाहिले आणि जोडाची बाजू खाली ठेवून दोन मिनिटे त्यांना हातही लावू नकोस, असे सांगितले. उष्णतेने मांसातील प्रथिने घट्ट होतात आणि जोड आपोआप चिकटतो. त्यानंतरच गुंडाळी फिरवायची. आपण काय केले, काय बिघडले आणि कशाने सुधारले, ते सर्वांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

फुकुओकाहून

संशोधनासाठी येथे आलो तेव्हा हा पदार्थ मी प्रथम याकितोरीच्या, म्हणजे काडीला टोचून भाजलेल्या मांसाच्या, दुकानात खाल्ला. याकितोरी म्हणजे कोंबडीच, असे मी धरून चाललो होतो. परंतु या शहरात डुकराच्या पोटाकडील मांसालाही तितकाच मान आहे, आणि लेट्यूस, कांद्याची पात, एनोकी, लहान टोमॅटो अशा भाज्या त्याच मांसात गुंडाळून, बांबूच्या काड्यांना टोचून काचेच्या कपाटात ओळीने मांडलेल्या असतात. बसल्याबसल्या कच्चा कोबी आणि त्यावर आंबटसर सॉस पुढे येतो, आणि चरबीदार घासानंतर त्याची किती गरज असते हे लगेच कळते.

घरी मी लेट्यूसचीच गुंडाळी करतो. पान शिजताना फार आक्रसते, म्हणून तीन-चार पाने एकत्र, वाटते त्यापेक्षा दुप्पट घट्ट वळावी लागतात. सैल राहिली तर आत पोकळी होते आणि मांस सालीसारखे सुटून येते. या गुंडाळीला मी गोड लेप लावत नाही. मीठ आणि मिरी एवढेच पुरते, कारण लेट्यूसचे गोडसर पाणी आणि चरबी यांचा मिलाफ हीच तिची खरी चव आहे. काड्या अर्धा तास पाण्यात भिजवल्याशिवाय आचेवर ठेवू नयेत.

पुण्याहून

जपानमध्ये शाबुशाबूसाठी, म्हणजे उकळत्या रश्श्यात क्षणभर बुडवून खायच्या मांसासाठी, कापलेले, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचे काप कोणत्याही सुपरमार्केटात मिळत असल्यामुळे पाच वर्षांत त्यांचे महत्त्व मला कधी जाणवलेच नाही. परत आल्यावर खाटकाकडे अंगठ्याएवढे जाड तुकडे हाती आले आणि पहिल्या खेपेस बाहेरून करपलेल्या, आतून कच्च्या गुंडाळ्या मला टाकून द्याव्या लागल्या. त्याचे मला फार वाईट वाटले. आता मी पोर्कचा अखंड तुकडा दीड ते दोन तास फ्रीझरमध्ये ठेवते. तो दगडासारखा गोठू द्यायचा नाही, फक्त सुरीखाली दबणार नाही इतका कडक होऊ द्यायचा, आणि मग धारदार सुरीने मांसाच्या धाग्याला आडवे काप काढायचे. पोर्क पूर्ण शिजलेच पाहिजे, त्यामुळे पातळपणा हा येथे केवळ नजाकतीचा प्रश्न नाही.

पोर्क न खाणाऱ्या पाहुण्यांसाठी चिकनच्या मांडीचे हाड काढून, ते मांस दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाटण्याने हलके ठोकून पसरवते. वळताना मला अळूवडीच्या उंड्याची सवय कामी आली. प्रत्येक वेढ्याला तोच ताण द्यावा लागतो. गाजर आणि फरसबी मिठाच्या पाण्यात मिनिटभर उकळून घेते आणि फडक्यावर पूर्ण कोरडी करते, कारण ओलसर भाजीवर मांस चिकटतच नाही. जपानी घरांत बटाट्याचे स्टार्च भुरभुरतात. मी कॉर्नफ्लॉवर वापरते. मिरिनऐवजी साखर घातली तर गोडी येते, पण ती चकाकी येत नाही, हे मान्य करायला हवे.

कावासाकीहून

पुण्याच्या ताईंनी कोरडेपणाचा मुद्दा मांडला, त्यात एक भर घालते. मांस सगळीकडून तांबूस झाले की झाकण ठेवून दोन-तीन मिनिटे वाफ द्यावी, आणि लेप ओतण्यापूर्वी तव्यावर सुटलेली चरबी कागदाने टिपून घ्यावी. ती राहिली तर लेप मांसावरून घसरून जातो. माझे प्रमाण शोयू दोन चमचे, मिरिन दोन, साके (तांदळाची दारू) एक आणि साखर अर्धा चमचा असे आहे, आणि बुडबुडे मोठे व दाट होईपर्यंत मी गुंडाळ्या त्यात फिरवत राहते.

मडगावहून

येथे चरबीचा थर असलेले पोर्क सहज मिळते. मी कोवळी भेंडी अखंड गुंडाळतो. ती आधी उकळावी लागत नाही आणि तिच्या बुळबुळीतपणाचा त्रासही होत नाही.

क्योतोहून

याच कुळातील एक जुना प्रकार येथे ओसेचीत, म्हणजे नववर्षाच्या खास पदार्थांच्या डब्यात, असतो. यावाता हे गाव क्योतो प्रांतातले, गोबो या लांब मुळासाठी नावाजलेले. त्याच्याच नावावरून गोबोभोवती ईल मासा किंवा गोमांस गुंडाळलेल्या पदार्थाला यावातामाकी म्हणतात. गोबो कापताच काळा पडतो, म्हणून तो पाण्यात ठेवून मग दाशीत, म्हणजे जपानी रश्श्याच्या पाण्यात, मऊ शिजवावा लागतो. पहिल्या वर्षी मी घाईने गरम गुंडाळी कापली आणि गोबोच्या काड्या सुरीबरोबर बाहेर ओढल्या गेल्या. सासूबाईंनी काही न बोलता दुसरी गुंडाळी बाजूला निवत ठेवली आणि तासाभराने, सुरी प्रत्येक वेळी पुसून, तिचे तीन सेंटिमीटरांचे तुकडे केले. मांसाच्या कड्यात गोबोचे चार पांढरे चौकोन जसेच्या तसे बसलेले होते, आणि तो डबा त्यांनी माझ्याकडे भरायला दिला.