कापसाची ट्रॉली उजव्या लेनमध्ये, डावीकडून काढावी का?

हिंगणघाटकर: नागपूर–हिंगणघाट चौपदरीवर कापसाचे ट्रॅक्टर उजव्या लेनमध्ये रेंगाळतात. डावीकडून काढलं तर चालते का?

वणीवाला: नाही. उजवी लेन ओव्हरटेकपुरती, म्हणजे चूक त्याचीच. पण डावीकडून तेव्हाच, जेव्हा पुढच्यानं उजव्या वळणाचा इशारा देऊन गाडी मध्याकडे घेतली असंन. तोवर तीन सेकंदांचं अंतर ठेवा, हॉर्न द्या, रात्री डिपर.

पुसदकर: इशारा दिसंन कुठून? लोंबत्या कापसाखाली इंडिकेटर झाकलेले. त्याचा आरसा तुम्हाला दिसत नसंन, तर तुम्हीही त्याले दिसत नाही. दुभाजकाच्या कटजवळ तर मागंच राहा, तो न सांगता वळते.

वणीवाला: बरोबर. अन् त्यानं डावीकडे सरून वाट दिली, तर उजवीकडून पुढं गेल्यावर अख्खी ट्रॉली आतल्या आरशात दिसली की मगच डावीकडे या. अखंड पांढरी रेषा असंन तिथं लेन बदलूच नका.